मुलांसोबत वाचताना: ओळख, प्रतिकार आणि आमचा रविवारचा वर्ग (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी 9 ते साडेदहा आम्ही वाचत बसतो. आठवी ते बारावीची पोरं-पोरी असतात, कधी 8 जण तर कधी 20. आठवडाभर मी शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी हे. सहा-सात वर्षं झाली आता, त्यामुळं इतर शिक्षक, पालक, कॉलेजची मुलं फोन करून, मेसेज टाकून तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढूया.

हे नक्की काय करता तुम्ही?

दोन-तीन पानांचा मजकूर घेतो, मोठ्यानं वाचतो आणि त्यावर बोलतो, बास. विषय साधारण एकच असतो, की माणसाला "तू कोण" हे दुसऱ्यानं ठरवून दिलं आणि त्यानं ते मानलं नाही तर पुढं काय होतं. फुले, आंबेडकर, शाहू महाराज, मुक्ता साळवे, अण्णा भाऊ साठे, बेबीताई कांबळे ही नावं मुलांना पाठ असतात हो. जयंतीला भाषण केलेलं असतं, निबंधात घातलेली असतात, पण त्यांनी लिहिलेलं एक पान तरी वाचलंय का विचारलं की वर्ग गप्प होतो. ते पान वाचायला आम्ही जमतो.

ओळख, प्रतिकार हे शब्द आठवीच्या पोरांना झेपतात का?

शब्द नाही झेपत, गोष्ट झेपते. म्हणून पहिले दोन-तीन महिने मी हे दोन्ही शब्द तोंडातून काढतच नाही. मुलांच्या हातात पेन्सिल देते आणि दोनच कामं सांगते. एक, या माणसाला दुसरं कुणीतरी नाव चिकटवतंय ते वाक्य शोधा आणि खाली रेघ मारा. दोन, हा माणूस पहिल्यांदा "नाही" म्हणतो ती जागा शोधा आणि गोल करा. "नाही" हा शब्द तिथं असेलच असं नाही, कधी तो माणूस नुसता बसून राहतो, कधी दुकान उघडतो, कधी लिहितो. मग गंमत बघा, एकाच पानावर पाच जणांचे पाच ठिकाणी गोल असतात आणि प्रत्येकजण आपला गोल बरोबर आहे म्हणून भांडायला लागतो, अन् भांडायचं तर परत पानात बघावं लागतं! ही चर्चा सुरू झाली की माझं काम निम्मं कमी होतं.

सुरुवात कुठल्या मजकुरानं करू?

मी गेली चार वर्षं एकाच उताऱ्यानं करते, त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्यात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावानं, त्याची मराठी भाषांतरं मिळतात. त्यातली पहिलीच आठवण 1901 सालची आहे. बाबासाहेब तेव्हा 9 वर्षांचे. वडील सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला नोकरीला, तिथं दुष्काळी कामावर तलाव खणायचं चाललेलं, ते खजिनदार होते. सुट्टीत मुलांना तिकडं बोलावलेलं. मग काय, नवे शर्ट, जरीच्या टोप्या, नवे बूट, असा सगळा थाट करून बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं सातारहून आगगाडीनं मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कोणीच आलेलं नाही, कारण येतोय म्हणून पाठवलेलं पत्र वडिलांच्या गड्यानं त्यांना दिलंच नव्हतं. स्टेशन मास्तर आधी मायेनं चौकशी करतो, कोण तुम्ही, कुठं जाणार. आणि 9 वर्षांचा मुलगा काही विचार न करता आपली जात सांगून टाकतो. मास्तरचा चेहरा बदलतो, तो मागं सरकतो. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या असतात पण एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं ठरतं, तेसुद्धा असं की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. जवळ जेवण भरपूर, पण पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर गाडीवान सांगतो की मुसलमान आहोत म्हणून सांगा, मिळालं तर पाणी मिळेल. मुलगा उर्दूत पाणी मागतो, तरीही मिळत नाही, आणि सगळी उपाशी झोपतात.

हा उतारा निवडायचं एक कारण म्हणजे मसूर आमच्या मुलांना माहिती आहे. कोल्हापूर-पुणे गाडीनं जाताना कराड मागं पडलं की मसूर येतं, कुणाची मावशी तिकडं असते, कुणी खिडकीतून पाटी वाचलेली असते. अन्याय कुठंतरी लांब, जुन्या काळात झाला असं वाटायला जागाच राहत नाही.

दुसरं कारण म्हणजे त्यातले प्रश्न सोपे नाहीत. पहिल्या वर्षी एका नववीतल्या पोरानं विचारलं, "मॅडम, त्यांनी मास्तरला खरं सांगितलं आणि टोलनाक्यावर खोटं सांगितलं, मग नाही कुठं म्हटलं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही आणि मी ते दिलंही नाही. अर्धा तास पोरं त्यावरच बोलत होती. एकजण म्हणाली खोटं बोलणं म्हणजे हार, दुसरी म्हणाली अगं तहान लागलीय त्याला, लहान आहे तो. मग कोपऱ्यातला एक पोरगा, जो कधीच बोलत नाही, तो म्हणाला की हे सगळं मोठेपणी त्यांनी लिहून ठेवलं ना, नाही तिथं म्हटलंय. मी आजही हा उतारा घेताना त्या पोराची आठवण काढते.

मुलं बोलतच नाहीत, काय करू?

थांबा, खरंच थांबा. आपण शिक्षक लोक प्रश्न विचारतो आणि चार सेकंदात स्वतःच उत्तर देतो, मुलांना हे पक्कं माहिती असतं, त्यामुळं ती वाट बघतात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून एक मिनिट गप्प बसायची सवय लावून घेतली. अवघड जातं, पण साधारण 40 सेकंदांनी कुणीतरी तोंड उघडतंच. दुसरं म्हणजे आधी दोघां-दोघांना आपसात बोलू द्या, मग सगळ्यांत. "काय वाटलं?" असा प्रश्न विचारू नका, त्याला "छान वाटलं" हेच उत्तर येणार. "कुठल्या ओळीला थांबलास?" असं विचारा.

वर्गात मुलांना त्यांची जात, घरची परिस्थिती विचारायची का? त्याशिवाय विषय भिडणार कसा?

नाही विचारायची, अजिबात नाही. हे मी चूक करून शिकलेय म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

दुसऱ्याच वर्षी 'बलुतं' मधला एक भाग वाचत होतो. दया पवारांचं हे आत्मकथन 1978 साली आलं, त्यात गावकीची कामं कशी वाटून दिलेली असायची ते फार बारकाईनं येतं. वाचता वाचता मी एका मुलाकडं बघून सहज विचारलं, "तुमच्याकडं अजून आहे का रे असं काही गावात?" तो मुलगा कुठल्या वस्तीत राहतो ते मला माहिती होतं, बाकीच्या निम्म्या मुलांना नव्हतं. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. तो "नाही मॅडम" एवढंच म्हणाला आणि पुढचे तीन रविवार आला नाही. मी घरी गेले, त्याच्या आईशी बोलले, त्याची माफी मागितली. तो परत आला, पण त्याला मी जे केलं तेच त्या मसूरच्या मास्तरनं केलं होतं, तू कोण ते सगळ्यांसमोर सांग.

तेव्हापासून नियम असा की बोलायचं ते पानातल्या माणसाबद्दल. आपल्याबद्दल कुणाला सांगायचं असेल तर तो स्वतः सांगेल, त्याला वाटेल तेव्हा, नाही सांगितलं तरी काही अडत नाही. एखादं मूल सांगतंच कधीतरी, बहुतेक वेळा वर्ग सुटल्यावर चपला घालताना. त्या वेळी ऐकून घ्यायचं आणि ते पुढच्या रविवारी उदाहरण म्हणून वापरायचं नाही.

मुलींना मध्येच भाषेवरून टोकतात लोक, त्याचा आणि या विषयाचा काय संबंध?

खूप संबंध आहे. आमच्याकडं बायका-मुली "मी आलो", "मी जातो", "मी जेवलो" असंच बोलतात, कोल्हापूरचं हे बोलणं सगळ्यांना माहितीय. मी पण घरात आईशी असंच बोलते. सहावीत असताना एका शिक्षिकेनं मला "आलो काय, मुलगा आहेस का तू" म्हणून वर्गात उभं केलं होतं, सगळे हसलेले, आणि त्यानंतर दोन वर्षं मी शाळेत जमेल तेवढं कमी बोलायचे. प्रमाण भाषा यायला पाहिजे, पेपर त्यात लिहायचाय, मुलाखत त्यात द्यायचीय, मी स्वतः तीच शिकवते. पण प्रमाण भाषा शिकवणं वेगळं आणि आईची भाषा चुकीची आहे असं सांगणं वेगळं. मूल जे बोलतं तीच त्याची पहिली ओळख असते, तिलाच हसलं की ते मूल पुढं तोंड कशाला उघडेल?

म्हणून वर्गात कागलच्या आनंद यादवांचं 'झोंबी' घेतो. 1987 साली आलेलं आत्मचरित्र, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. शेतात राबणारं पोरगं शाळेसाठी बापाशी झुंजतंय, आणि हे सगळं आमच्याच भागातल्या बोलण्यात. पहिल्यांदा मोठ्यानं वाचायला दिलं तेव्हा एक मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली "मॅडम हे असंच वाचू? असं पुस्तकात चालतंय?" चालतंय म्हटलं, वाच. पुढची तीन पानं ती थांबलीच नाही. आमचं बोलणं छापलं जातं आणि त्याला पुरस्कार मिळतो, हे त्या पोरीला चौदाव्या वर्षी कळलं, मला फार उशिरा कळलं होतं.

यात आणखी एक आहे. 'झोंबी' मधला प्रतिकार सरकारविरुद्ध, सावकाराविरुद्ध नाही, स्वतःच्या बापाविरुद्ध आहे, आणि तो बापसुद्धा गरिबीनं पिचलेला आहे. मुलांना हे लगेच कळतं. इथं मात्र मी सांभाळून घेते, घरात मार खाणारं मूल वर्गात असू शकतं.

मुलींसाठी वेगळं काही वाचता का?

मुलींसाठी वेगळं नाही, बायकांचं लिहिलेलं सगळ्यांनी वाचायचं, मुलांनी तर आधी.

मुक्ता साळवेचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय 14 फक्त. म्हणजे आमच्या नववीतल्या मुलीएवढी. ती थेट विचारते की वेद ब्राह्मणांचेच असं ते म्हणतात, आम्हाला ते बघायचासुद्धा अधिकार नाही, मग आमचा धर्म कुठला ते देवा तूच सांग. त्यात माणसांना इमारतीच्या पायात पुरायचे वगैरे वर्णन आहे, ते मी आठवीच्या मुलांना आधी सांगून ठेवते, अचानक समोर येऊ देत नाही. वाचून झाल्यावर मी एकच काम देते, मुक्तानं कुणाकुणाला प्रश्न विचारलेत त्याची यादी करा. यादीत ब्राह्मण येतात, देव येतो. सरकारसुद्धा येतं का यावर दर वेळी भांडण होतं आणि परत पान उघडलं जातं.

मग ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या, 1882 चं 'स्त्री पुरुष तुलना'. सुरतेच्या एका तरुण विधवेनं बाळ मारलं म्हणून तिला शिक्षा झाली आणि सगळी वर्तमानपत्रं बायका कशा बिघडल्यात त्यावर लिहायला लागली, त्यावर ताराबाई भडकून लिहितात. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब, पण एकदा सूर लागला की मुली वाचताना आवाज चढवतात. मुलं जरा अस्वस्थ होतात. होऊ दे.

बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचण्याआधी मी ते कसं लिहिलं गेलं ते सांगते. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं, दुकानात बसून त्या लिहायच्या आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून लिहिलेलं लपवून ठेवायच्या, आणि हे थोडीथोडकी नाही, वीस वर्षं. पुस्तक 1986 ला आलं. आपल्या समाजाची बाजू मांडणारी बाई आपल्याच घरात कागद लपवते, ही गोष्ट मुलांना पुस्तकातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त लागते. एका मुलीनं विचारलं, "मग त्या दोघांशी भांडत होत्या? बाहेरच्यांशी आणि घरातल्यांशी?" व्हय गं, दोघांशी.

आणि हे सगळं जुनं झालं असं वाटू नये म्हणून शेवटी हेरवाड घेतो. शिरोळ तालुक्यातलं गाव, आपल्याच जिल्ह्यातलं. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. प्रतिकार म्हणजे मोर्चा आणि दगड एवढंच डोक्यात असलेल्या पोरांना ग्रामसभेचा ठराव हा पण प्रतिकार आहे हे बघून आश्चर्य वाटतं. मी घरी जाऊन आजीला विचारा असं मात्र सांगत नाही. कुणाच्या घरात काय झालंय आपल्याला काय माहिती.

शाहू महाराजांबद्दल वेगळं काय सांगणार, कोल्हापुरात तर सगळ्यांना सगळं माहिती असतं?

सगळ्यांना तारखा माहिती असतात. 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, संस्थानच्या नोकरीतल्या निम्म्या रिकाम्या जागा मागासवर्गीयांना, 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, 1920 ची माणगाव परिषद. पण मी वर्गात गंगाराम कांबळेंचं हॉटेल घेते.

गोष्ट अशी. गंगाराम महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदत केली. भाऊसिंगजी रोडला गंगारामांनी चहाचं हॉटेल उघडलं. कोण येणार तिथं? तर महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवायचे, प्यायचे, बरोबरच्या मंडळींना पाजायचे.

पोरं म्हणतात, वा महाराज! आणि ते बरोबरच आहे, आमचा राजा होताच तसा. मग मी विचारते की या गोष्टीत धोका कुणी पत्करला? राजाला कोण काय करणार होतं? मार खाल्लेला माणूस त्याच गावात, भर रस्त्यावर, आपल्या हातचा चहा विकायला बसतो, सकाळी हॉटेल उघडतो, गिऱ्हाईक आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी परत उघडतो. तुमचा गोल कुठं? एका वर्षी वर्गाचे दोन गट पडले, निम्मे महाराजांच्या बाजूचे, निम्मे गंगारामांच्या. शेवटी अकरावीतला एकजण म्हणाला, राजानं चहा प्यायला नसता तर हॉटेल बंद पडलं असतं, पण गंगारामनं उघडलंच नसतं तर राजानं प्यायचं काय? मला आजवर मिळालेलं यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

मुलांना कुठं घेऊन जाता का?

जातो की, वर्षातून दोनदा, चालतच.

बिंदू चौकात फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा आहे. रोज तिथून जाणाऱ्या मुलांना माहिती नसतं की ते 9 डिसेंबर 1950 ला, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बसवलेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. तिथं उभं राहून आम्ही एक पान वाचतो, रिक्षाचे हॉर्न वाजत असतात, वाजू दे.

दसरा चौकाच्या आसपासची शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, दाखवते. व्हिक्टोरिया मराठा आणि जैन 1901, मुस्लिम 1906, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क 1908. इथं दर वेळी कुणीतरी विचारतंच की जातीनुसार वेगवेगळं बोर्डिंग काढलं तर जात घट्ट नाही का होणार. फार चांगला प्रश्न आहे, दाबू नका. आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं, त्यात ब्राह्मण सोडून बाकीच्या जातींची मुलं टिकेनात, म्हणून मग प्रत्येक समाजाच्या मुलाला शहरात डोकं टेकायला आपली जागा, असा तो मार्ग होता. तो बरोबर का चूक हे मुलं ठरवू देत, मी माझं मत विचारलं तर सांगते.

जमलं तर हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला एसटीनं जातो. 21-22 मार्च 1920 च्या तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, आंबेडकर. बाबासाहेब तेव्हा 28 वर्षांचे. त्यांचं 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

पालक म्हणतात हे राजकारण आहे, मुलांची डोकी भडकवता.

सगळेच म्हणत नाहीत, पण म्हणतात. मी त्यांना वर्गात बोलावते, मागं बसा म्हणते, चहा देते. आतापर्यंत जे आले ते दीड तास बसून शांतपणे गेले, एक काका तर दर महिन्याला येतात आणि स्वतः वाचतात. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते, दर्जा आणि संधीची समानता त्यात लिहिलेली आहे, कलम 17 नं अस्पृश्यता संपवलीय. पुस्तकातल्या पहिल्या पानाचा अर्थ मुलांनी समजून घ्यायला कुठल्या पालकाची हरकत असेल? एक पथ्य मी कडक पाळते, कुठल्या पक्षाचं नाव नाही, निवडणुकीचा विषय नाही, मोर्चाला मुलांना नेणं नाही.

"प्रतिकार शिकवता म्हणजे मोठ्यांना उलट बोलायला शिकवता"

हे मला एका आजोबांनी तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं आजोबा, उलट बोलायला पोरांना वर्ग लागत नाही, ते आपोआप येतं. आम्ही वाचतो त्यातल्या माणसांनी आधी वर्षानुवर्षं ऐकून घेतलंय, विचार केलाय, शब्द निवडलेत आणि मग नाही म्हटलंय, आणि त्याची किंमत पण मोजलीय. किंमत कोणी मोजली हे आम्ही प्रत्येक वेळी विचारतो. पोरगं यातून शांत होतं असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या घरात हे भोगलेलं नाही त्या मुलांना अपराधी वाटतं, त्यांचं काय?

वाटतं, एक मुलगी रडली होती एकदा. तिला मी सांगितलं की मसूरला तू नव्हतीस, त्याचा दोष तुझ्यावर नाही. पण आज तुझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलाय का, तो तुझ्या हातात आहे. एवढंच म्हणाले, पुढं काय झालं ते विचारलं नाही. त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या मुलांना "आम्ही नेहमीच बिचारे" असं वाटू देऊ नका, म्हणूनच फक्त दुःखाचे उतारे एकामागून एक घेऊ नका. 'फकिरा' घ्या मध्ये, अण्णा भाऊंची 1959 ची कादंबरी, दुष्काळात उपाशी लोकांसाठी खजिना लुटणारा नायक, वाचताना पोरं ताठ बसतात. लिहिणारा माणूस शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, शाळा कशीबशी दीड दिवस बघितलेला.

वर्गात कुणी जातीवरून घाण बोललं तर?

वाचन तिथंच थांबवते. ओरडत नाही, पण दुर्लक्षही करत नाही. "हा शब्द आपण इथं वापरत नाही" एवढं सगळ्यांसमोर आणि बाकीचं त्या मुलाशी एकट्यात. बऱ्याचदा त्यानं तो शब्द घरी किंवा मोबाईलवर ऐकलेला असतो आणि त्याचा अर्थ त्याला धड माहिती नसतो. ज्याला लागला असेल त्याच्याशी पण त्याच दिवशी बोलायचं, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. परत परत करत असेल तर पालकांना बोलवा, आणि शाळेत घडत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

अकरावी-बारावीच्या मुलांना काय द्यावं?

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, 1963 ची. नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून खोली घेतो आणि कळल्यावर मार खातो. मसूरचा उतारा आठवीत वाचलेला असतो, तो परत काढायचा आणि शेजारी ठेवायचा. तिथं मुलगा पाण्यासाठी एक रात्र लपवतो, इथं माणूस रोज लपवतो, रोज लपवल्यानं आत काय होतं? हा प्रश्न मोठ्या मुलांना नीट कळतो, कारण पुढच्या वर्षी तीच मुलं पुण्या-मुंबईत खोली शोधत फिरणार असतात आणि घरमालक पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो.

दहावीच्या वर्षी वेळ कुठून आणायचा?

आठवड्याला दीड तास. नसेल जमत तर परीक्षेनंतर या, जागा कुठं जात नाही.

पुस्तकं कुठून मिळवायची?

करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं, तिथलं सभासद व्हा. शाळेच्या कपाटात बघा, कुलूपबंद पुस्तकांत बरंच काही सापडतं. फुले-आंबेडकरांचं समग्र साहित्य सरकारनं छापलंय, स्वस्तात मिळतं. मोबाईलवर पीडीएफ वाचायला देऊ नका, वाचता वाचता वर नोटिफिकेशन आलं की मूल गेलं.

याचा उपयोग होतो हे कशावरून?

मार्कांत नाही दिसत, आणि मी मोजायला पण जात नाही. गेल्या वर्षी आमच्यातली एक जुनी मुलगी पुण्याला परीक्षेला निघाली होती, तिनं गाडीच्या खिडकीतून काढलेला मसूरच्या पाटीचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नव्हतं. पाच मिनिटांत एकानं विचारलं, "पाण्याचा नळ आहे का बघ की तिथं." तिनं लिहिलं, "आहे, पण गाडी सुटली."

आम्हाला आमच्या गावात असं सुरू करायचंय, काय लागेल?

दोन पानांच्या झेरॉक्स, पेन्सिली, सतरंजी आणि भिंतीवर घड्याळ. मोबाईल दाराजवळच्या पिशवीत, तुमचा पण. पहिल्या रविवारी तिघंच आली तरी वाचायला बसा, आमच्याकडं दोघीच होत्या आणि त्यातली एक माझी भाची. उतारा घरी स्वतः दोनदा मोठ्यानं वाचून या, कुठं अडखळता ते कळतं. पहिल्या दिवशी मसूरच घ्या, आणि "तो मुलगा खोटं का बोलला?" असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका.